'मासा' आणि 'माशा': कॉक्लिअर इम्प्लांट आवाजाची वीज कशी करतं

प्रश्न असा आहे: अडीच वर्षांच्या मुलीचं कॉक्लिअर इम्प्लांट होऊन दोन महिने झाले, मशीन सुरू होऊन महिना. हे यंत्र श्रवणयंत्रासारखं आवाज मोठा करतं का? तसं असेल तर दर पंधरा दिवसांनी मॅपिंगला, म्हणजे यंत्रातल्या विजेच्या पातळ्या मुलाप्रमाणे जुळवायला, का बोलावतात? आणि 'बाबा' म्हटलं की मुलगी वळते, 'स' म्हटलं की वळत नाही, हे का?

'स'चं आधी सांगते, कारण त्यात दिवस घालवू नयेत. मायक्रोफोनवरची कव्हरं आजच बदला, प्रोसेसर (यंत्राचा बाहेर लावायचा भाग) रात्रभर ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या डबीत, ठेवा आणि उद्या सकाळी पुन्हा तपासा. तरी फरक पडला नाही तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता ऑडिओलॉजिस्टना कळवा. एक लक्षात घ्या, महिनाभरच ऐकणारं मूल ऐकू आलेल्या प्रत्येक आवाजाकडे वळतंच असं नाही. 'बाबा'ला अर्थ आहे, 'स'ला अजून नाही. म्हणून 'वळत नाही' यावरून लगेच 'ऐकू येत नाही' असं ठरवता येत नाही. पण शंका आली की आधी यंत्र तपासायचं आणि मग मुलाबद्दल बोलायचं, हा क्रम कधी मोडू नका.

आता मूळ प्रश्न. श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानातच सोडतं. तो पुढे नेण्याचं काम आतल्या केसपेशींनाच करावं लागतं. कॉक्लिया म्हणजे अडीच वेढ्यांचा शंख. उलगडला तर साधारण ३५ मिलिमीटर लांब, आणि त्यात सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी. जन्मजात तीव्र बहिरेपणात बहुतेक वेळा याच पेशी नसतात किंवा काम करत नाहीत. तिथे आवाज कितीही मोठा केला तरी तो घ्यायला कोणी नसतं. मात्र त्यांच्यामागची श्रवणाची नस, म्हणजे निरोगी कानात सुमारे तीस हजार तंतू, बऱ्याच अंशी शाबूत असते. इम्प्लांट केसपेशींना वगळून थेट या तंतूंना विजेचा झटका देतं. आवाज मोठा करणं हे त्याचं काम नाही. आवाज मोजायचा आणि त्या मापानुसार वीज द्यायची, एवढंच ते करतं.

कॉक्लियातली मांडणी इथे उपयोगी पडते. शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच आवाज आणि टोकाशी जाड, खालचे आवाज अशी जागा ठरलेली आहे. कुठल्या जागेवरचा तंतू पेटला यावरून मेंदू स्वर उंच की खालचा हे ओळखतो. म्हणून इलेक्ट्रोडची, म्हणजे वीज सोडणाऱ्या बारीक टोकांची, पट्टी शंखात सरकवली की प्रत्येक इलेक्ट्रोडला आपोआप एक 'सूर' मिळतो. यंत्रांमध्ये इलेक्ट्रोडची संख्या वेगवेगळी असते: न्यूक्लिअसमध्ये २२, मेड-एलमध्ये १२ जागा, ॲडव्हान्स्ड बायोनिक्समध्ये १६. पुढचे आकडे न्यूक्लिअसच्या नेहमीच्या सेटिंगचे आहेत. इतर यंत्रांत आकडे बदलतात, तर्क तोच.

'मासा' हा शब्द घेऊ. तो अर्ध्या सेकंदात बोलून होतो.

मायक्रोफोन हवेतला दाब विजेत बदलतो आणि प्रोसेसर ती वीज सेकंदाला सुमारे १६ हजार वेळा मोजतो. बोलण्यात जाड आवाजांत ताकद जास्त असते आणि 'स'-'श'मध्ये फार कमी, म्हणून सुरुवातीलाच उंच आवाजांना थोडं वर उचललं जातं. नाहीतर 'आ'च्या शेजारी 'स' दबून जातो. त्यानंतर आपोआप आवाज सांभाळणारी यंत्रणा येते. शेजारी कुकरची शिट्टी झाली तर ती आवाज खाली खेचते आणि हळूहळू पुन्हा वर आणते. शिट्टीनंतर क्षणभर मूल प्रतिसाद देत नाही, ते यामुळेही असू शकतं.

मग चाळणी. प्रोसेसर १२८ मोजमापांचा, म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंदांचा एक तुकडा घेऊन त्यात कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद आहे ते काढतो. पुढचा तुकडा आधीच्यावर बराचसा चढलेला असतो, त्यामुळे मध्ये काही निसटत नाही. १८८ ते ७९३८ हर्ट्झ एवढी पट्टी २२ भागांत वाटलेली असते. खालचे भाग १२५ हर्ट्झ रुंद आणि वर जाताना रुंद होत जाणारे, सगळ्यात वरचा तर एक हजार हर्ट्झचा. इलेक्ट्रोड २२ टोकाशी असतो, १८८ ते ३१३ हर्ट्झसाठी. इलेक्ट्रोड १ तोंडाशी, ६९३८ ते ७९३८ साठी.

'म'ची गुणगुण अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मुख्यतः २२ नंबर. पुरुषाच्या आवाजातल्या 'आ'चे दोन ठळक उंचवटे साधारण ७५० आणि १२०० हर्ट्झला, म्हणजे १८ आणि १४ नंबर. मग 'स' आला की खालचं सगळं शांत होतं आणि चार हजारांच्या वरचे ५ ते १ नंबर जागे होतात. पुन्हा 'आ'. आता 'स'च्या जागी 'श' टाकून 'माशा' म्हणा. 'श'ची ताकद अडीच हजारांच्या आसपासच सुरू होते, म्हणून ५ ते १ सोबत ९, ८, ७, ६ हेही पेटतात. मासा की माशा, हे त्या तीन-चार इलेक्ट्रोडवर ठरतं. त्यांची वीज कमी ठेवलेली असेल, तर मुलाला दोन्ही शब्द सारखेच वाटू शकतात, आणि आपण मात्र म्हणत राहू की 'ती लक्ष देत नाही'.

प्रत्येक भागातून तरंग जसाच्या तसा पुढे जात नाही. फक्त त्याची चढउतार, म्हणजे कोणत्या क्षणी किती ताकद, एवढंच उचललं जातं. आतलं बारीक कंपन सोडून दिलं जातं. ऐकायला धक्कादायक वाटेल, पण शांत जागेत बोलणं समजायला एवढं पुरतं. संगीताला पुरत नाही. ते पुढे येईलच.

त्या २२ भागांतून त्या क्षणी सगळ्यात जोरात असलेले आठ निवडले जातात. यांना मॅक्सिमा म्हणतात आणि मॅपच्या कागदावर हा आकडा दिसतो. या आठ इलेक्ट्रोडवर एकामागून एक पल्स, म्हणजे विजेचे क्षणिक झटके, जातात आणि हे चक्र सेकंदाला ९०० वेळा फिरतं. म्हणजे सेकंदाला ७२०० पल्स, आणि अर्ध्या सेकंदाच्या 'मासा'साठी सुमारे ३६००.

एकाच वेळी का नाही, एकामागून एक का? कॉक्लियातला द्रव मिठाच्या पाण्यासारखा वीजवाहक आहे. शेजारचे दोन इलेक्ट्रोड एका क्षणी पेटले तर त्यांची वीज आत मिसळते आणि दोघांचाही नेमका सूर हरवतो. पल्स आळीपाळीने सोडायची ही पद्धत ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. आधीच्या यंत्रांवर ओठ वाचण्याला मदत होत असे. या पद्धतीनंतर नुसत्या ऐकण्यावर वाक्य समजणं बऱ्याच जणांना शक्य झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात मोठा टप्पा हाच, कारण त्यासाठी इलेक्ट्रोडमध्ये काहीच बदलावं लागलं नाही, फक्त वेळ वाटून घेतली.

एक पल्सही जवळून पाहण्यासारखी आहे. आधी २५ मायक्रोसेकंद ऋण वीज, मग ८ मायक्रोसेकंद थांबा, मग तेवढीच धन वीज २५ मायक्रोसेकंद. जेवढा भार आत गेला तेवढाच परत ओढून घ्यायचा. एकाच दिशेने वीज जात राहिली तर प्लॅटिनम झिजतं आणि पेशींना इजा होते, म्हणून हा हिशेब चुकवून चालत नाही. नस पहिल्या भागानेच जागी होते, दुसरा भाग हिशेब पुरा करण्यासाठी.

आता मॅपिंगचा मुद्दा, म्हणजे या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

न्यूक्लिअसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये २५ ते ६५ डेसिबलमधला आवाज पकडला जातो. एक मीटरवरून केलेलं बोलणं साठ-पासष्टच्या घरात असतं. म्हणजे बाहेरची खिडकी ४० डेसिबलची. आतली किती? विजेची पातळी ० ते २५५ अशी मोजतात आणि प्रत्येक पायरीला प्रवाह सुमारे १.८ टक्क्यांनी वाढतो. समजा एका इलेक्ट्रोडवर १२० ला अगदी हळू ऐकू येतं आणि १६५ ला मोठं पण सोसवेल असं वाटतं. पहिल्याला टी लेव्हल म्हणतात, दुसऱ्याला सी लेव्हल. १२० म्हणजे सुमारे १५३ मायक्रोअँपिअर, १६५ म्हणजे सुमारे ३४४. हा फरक जेमतेम ७ डेसिबलचा! बाहेरचे ४० डेसिबल आतल्या ७ डेसिबलमध्ये दाबून बसवायचे. त्यामुळे पायऱ्यांची लहानशी चूकही ऐकण्यात मोठी होते. श्रवणयंत्रात दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे चालून जातं, इथे नाही.

टी खूप खाली ठेवली तर हळू आवाजांना वीज जाते, पण ती ऐकू येण्याइतकी नसते. शब्दाची शेपटं, दूरची हाक, 'त'-'प' असली व्यंजनं निसटतात. टी खूप वर ठेवली तर पंख्याची घरघर सतत डोक्यात बसते. सी कमी असेल तर सगळं बोलणं सपाट, आणि मूल स्वतःच मोठ्याने ओरडू लागतं. सी जास्त असेल तर दार आपटलं की डोळे मिटतं, रडतं, कॉइल (डोक्यावर चिकटणारी चकती) ओढून काढतं. मूल यंत्र फेकतं म्हणून हट्टी ठरवण्याआधी सी तपासून घ्या.

या पातळ्या बदलतात, म्हणून पुन्हा पुन्हा बोलावतात. शस्त्रक्रियेनंतर इलेक्ट्रोडभोवती ऊतींचा थर तयार होतो, वीज सुरू झाली की अडथळा बराच खाली येतो, आणि मेंदूची सोसण्याची ताकद आठवड्या-आठवड्याला वाढते. म्हणून सुरुवातीला सी मुद्दाम कमी ठेवतात आणि घरी वाढत्या क्रमाचे तीन-चार प्रोग्रॅम देतात. काही घरी पहिल्याच प्रोग्रॅमवर मूल खुश दिसतं म्हणून पुढचा लावतच नाहीत. असं करू नका. सांगितलेल्या दिवशी पुढचा प्रोग्रॅम लावा. सुरुवातीच्या महिन्यांत वरच्या इलेक्ट्रोडची सी अजून पुरेशी चढलेली नसणं हे 'स' न ऐकण्याचं दुसरं नेहमीचं कारण आहे.

अडीच वर्षांच्या मुलाला 'किती मोठं वाटलं' असं विचारता येत नाही. मग तीन वाटा. टीसाठी खेळ: आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा. घरी ताट-चमच्याच्या आवाजावर हा खेळ पक्का करून आणलात तर मॅपिंगचा निम्मा वेळ वाचतो. सीसाठी कानातल्या स्टेपिडियस स्नायूचा प्रतिक्षेप पाहतात. वीज वाढवत नेली की ज्या पातळीला तो आकसतो ती सीच्या बरीच जवळ असते. पण कानात पाणी झालं असेल किंवा सर्दीने पडदा आत ओढला गेला असेल तर तो दिसतच नाही. म्हणून सर्दी असेल तर आधी सांगा. तिसरी वाट नसेचा प्रतिसाद मोजण्याची, जिला बहुतेक ठिकाणी एनआरटी म्हणतात. पल्सनंतर मिलिसेकंदाच्या आतच नस उलट उत्तर देते आणि त्याच इलेक्ट्रोडनी ते टिपता येतं. यात मुलाने काहीच करायचं नसतं, त्यामुळे ती सोयीची वाटते. पण एनआरटीची पातळी बहुधा टी आणि सीच्या मध्ये कुठेतरी पडते, नेमकी कुठे हे मुलागणिक बदलतं. नुसत्या एनआरटीवर केलेला मॅप ही सुरुवात आहे. सहा महिने त्याच मॅपवर राहणं मला चुकीचं वाटतं आणि आईवडिलांनी त्याबद्दल विचारलंच पाहिजे.

प्रत्येक भेटीत आधी इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायलाच हवा. हिशेब साधा आहे: ३४४ मायक्रोअँपिअर आणि ८ किलोओहम, म्हणजे पावणेतीन व्होल्ट. तोच अडथळा २५ किलोओहम झाला तर साडेआठ व्होल्ट लागतात, आणि इतकं उभं करणं इम्प्लांटला जड जातं. मॅपमध्ये आकडा वाढवत राहिलात तरी प्रत्यक्षात वीज वाढत नाही. यावर पल्स रुंद करतात, २५ ऐवजी ३७ मायक्रोसेकंद, म्हणजे कमी प्रवाहात तोच भार जातो. फारच रुंद केली तर वेग किंवा मॅक्सिमा कमी करावे लागतात. आकडा ३० किलोओहमच्या वर गेला तर बहुधा तार तुटलेली किंवा इलेक्ट्रोडवर हवेचा बुडबुडा. दोन इलेक्ट्रोड एकदम फार कमी आकडा दाखवत असतील तर ते आत एकमेकांना चिकटलेले. असे इलेक्ट्रोड बंद करतात आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सी उरलेल्यांत वाटून देतात. एक-दोन बंद झाल्याने फारसं बिघडत नाही. आठवडाभर यंत्र लावलंच नाही तरीही इम्पिडन्स चढतो आणि लावायला लागलं की उतरतो. गावाला जाताना प्रोसेसर घरी ठेवू नये, त्याचं हे एक कारण.

चेहऱ्याची नस कॉक्लियाच्या अगदी जवळून जाते. बोलताना एका बाजूची पापणी किंवा ओठाचा कोपरा लवत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि दाखवा. कोणत्या इलेक्ट्रोडमुळे होतंय हे शोधून त्याची सी कमी करतात, पल्स रुंद करतात किंवा तो बंद करतात.

हे सगळं कातडीतून आत जातं कसं, तेही समजून घ्या. आत बॅटरी नाही. बाहेरची कॉइल रेडिओ लहरींनी वीज आणि हुकूम दोन्ही पाठवते: कोणता इलेक्ट्रोड, किती प्रवाह. न्यूक्लिअसमध्ये ही लहर ५ मेगाहर्ट्झची असते. कॉइल सरकली की आवाज 'कमी' होत नाही, पूर्ण बंद होतो. अंघोळीत आणि झोपेत मूल पूर्ण शांततेत असतं. प्रोसेसर काढण्याआधी 'आता काढते हं' असं खुणेने सांगायची सवय लावा. कॉइल धरून ठेवणारं लोहचुंबक फार जोरदार असेल तर खालची कातडी लाल होते आणि तिथे दाबलं की दुखतं. कमी ताकदीचं मिळतं, मागा.

घरची तपासणी रोज सकाळी दोन मिनिटांची. आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज मागून, तोंड झाकून, क्रम बदलून, मध्ये कमी-जास्त शांतता ठेवून म्हणा. आधी एक मीटरवरून, जमू लागलं की तीन मीटरवरून. सगळेच गेले तर बॅटरी, केबल, कॉइल या क्रमाने बदला. फक्त 'स' गेला, किंवा 'स' आणि 'श' गेले, तर मायक्रोफोनचं कव्हर, ओल, आणि मग मॅप. 'म' आणि 'ऊ' गेले तर टोकाकडचे इलेक्ट्रोड पाहायला सांगा. कव्हरं तीन महिन्यांनी बदलायची असतात, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात त्याहून लवकर बदललेली बरी. ड्राय बॉक्समधल्या ओल शोषणाऱ्या कांडीची मुदत पॅकेटवर असते, ती पाहा. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते. स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून मगच बसवा, आणि घामाने हवेची भोकं बुजली नाहीत ना ते बघा. पावसात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला प्रोसेसर मध्येच बंद पडतो तो बरेचदा हवा न मिळाल्याने.

शेवटी मर्यादा, कारण त्या माहीत असल्या की अपेक्षा आणि थेरपी दोन्ही नीट आखता येतात. इलेक्ट्रोड २२ असले तरी वीज पसरत असल्याने प्रत्यक्षात साधारण आठच स्वतंत्र वाटा मिळतात. शांत खोलीत तेवढ्या पुरतात, लग्नाच्या हॉलमध्ये नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. बाईंचा एक मीटरवरचा ६५ डेसिबलचा आवाज चार मीटरवर ५३ होतो आणि वर्गाचा गोंगाट तिथे तेवढाच असतो. म्हणून बालवाडीपासून रिमोट मायक्रोफोन (बाईंच्या जवळ राहून त्यांचा आवाज थेट प्रोसेसरला पाठवणारा) मागा, पहिल्या बाकावर बसवणं हा त्याचा पर्याय नव्हे. 'ळ-ल' आणि 'ण-न' या जोड्या वेळ घेतात. जीभ मागे वळली की तिसरा उंचवटा खाली येतो, पण अडीच हजारांच्या आसपासचे भाग तीन-चारशे हर्ट्झ रुंद असल्याने ही सरक धूसर होते. 'बाळ' आणि 'बाल' ऐकूनच वेगळे करायला महिने लागतात. थेरपिस्टना हे माहीत असू द्या.

आणि संगीत. पल्सच्या वेगावरून सूर ओळखण्याची क्षमता बहुतेकांत तीनशे हर्ट्झच्या आसपास संपते, आणि बारीक कंपन तर आधीच टाकून दिलेलं. त्यामुळे आरतीत टाळांचा ठेका मुलीला छान कळेल, चाल कळायला जड जाईल. मेड-एलसारख्या यंत्रांत टोकाकडच्या इलेक्ट्रोडवर हे कंपन थोडंफार राखायचा प्रयत्न असतो. ठेका पकडून ती टाळ्या वाजवत असेल तर वाजवू द्या, सोबत तुम्हीही वाजवा.

पुढच्या मॅपिंगला जाताना तीन गोष्टी न्या: सहा आवाजांची पंधरा दिवसांची नोंद, कोणता प्रोग्रॅम किती दिवस लावला त्याचा कागद, आणि ठोकळ्यांचा तो खेळ ज्यावर तिची सवय पक्की झाली आहे. परत येताना मॅपचा आणि इम्पिडन्सचा प्रिंट मागून घ्या आणि फाइलला लावा. शहर बदललं, प्रोसेसर हरवला किंवा नव्या ऑडिओलॉजिस्टकडे जावं लागलं, तर मॅप पुन्हा शून्यापासून करावा लागत नाही.